मनिषाला कुणी विचारलं नाही

निरवांगीच्या मनिषा मारकडला इंदापूर तालुक्यात ओळखायचे ते खो-खोमुळं. ती पाठलागावर सुटली की समोरची पोरगी खांबापर्यंत पोचायची नाही. बाप लहानपणीच गेला. आई तानूबाई लोकांच्या उसात खुरपायला जायची, त्यामुळं पोरीला वाढवलं आजोबांनी, सोनबा आबांनी. आबांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. आता ते घरची थोडी जमीन बघायचे. बाप कुठं गेला म्हणून ती रडायची तेव्हा बाकीचे गावाला गेलाय म्हणायचे. तो परत येणार नाही, हे तिला आबांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा विश्वास एकट्या आबांवर.

अठ्ठ्याण्णव साली, बारावीत असताना, तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. खेळताना मुरगळला असेल म्हणून तेल चोळलं, शेक दिला. सूज वाढतच गेली. बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून लगेच पुण्याला जायला सांगितलं. मांडीच्या हाडाला, गुडघ्यालगत, कॅन्सर होता.

पुण्याच्या रुग्णालयात एक बाई डॉक्टर नव्या पद्धतीनं औषध देऊन बघत होत्या. औषध जुनंच, लाल रंगाचं, पण चरबीच्या अगदी बारीक फुग्यांत भरलेलं. बाईंनी मनिषाला समजावून सांगितलं की नुसतं औषध शिरेतून सोडलं तर ते अंगभर पसरतं, हृदयालाही इजा करतं. फुग्यात बंद असलं की वाटेत फारसं सांडत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथून फुगे आत झिरपतात आणि औषध तिथं सुटतं. गाठ आकसली तर रोगट हाड तेवढं काढून धातूचा दांडा बसवता येईल, पाय वाचेल. आबांना हे लगेच पटलं. तेही मेंढरांना कडू औषध तुपातून द्यायचे.

सलाईन सुरू झाली. तिचे तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलायला लागले, हातात भाकरी धरवेना. पण आपण पायासाठी सोसतोय हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं तक्रार केली नाही.

पुढच्या तपासणीत गाठ तशीच निघाली. बाईंनी आबांना आणि तानूबाईला खोलीत बोलावून सांगितलं की औषध लागू पडलं नाही, कॅन्सर फुप्फुसात जायच्या आत पाय मांडीतून काढायला हवा. पोरीला मी स्वतः सांगते, असंही त्या म्हणाल्या. आबांनी हात जोडले, तिला सांगू नका म्हणाले. त्याच वॉर्डातली लासुर्ण्याची एक मुलगी पाय काढायचा म्हटल्यावर घरी निघून गेली होती आणि वारली होती. आपली पोर पण पळंल, असं त्यांना वाटलं. मनिषाची अठरा वर्षं पूर्ण नव्हती, सही घरच्यांचीच चालणार होती. आबांनी संमतीच्या कागदावर अंगठा दिला, बाईंनी पोरीला सांगायचं सोडलं.

ऑपरेशनच्या सकाळी तिनं विचारलं, "आबा, पाय ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल. नुसतं हाड बदलायचं हाय."

शुद्धीवर आली तेव्हा तिच्या उजव्या पायाच्या बोटांना खाज सुटली होती. तिनं आईला खाजवायला सांगितलं. तानूबाईनं तोंडाला पदर लावला. मग मनिषानं स्वतःच चादर वर केली.

संध्याकाळी आबा कॉटजवळ आले तेव्हा ती म्हणाली, "मला इचारलं असतं तर मी व्हय म्हणले असते."

पुढं जुन्या पद्धतीची औषधं चालली, केस गेले, पुन्हा आले. फुप्फुसं स्वच्छ राहिली. कृत्रिम पाय बसवून ती चालायला शिकली, बारावी झाली, खो-खोच्या पंचाची परीक्षा पास होऊन बारामतीच्या मैदानांवर शिट्टी वाजवायला लागली. आबांशी ती कधी वाईट वागली नाही. चहा द्यायची, डोळ्यांत औषध घालायची. पण त्यांना काही विचारणं तिनं सोडलं. पाऊस येईल का, एवढंही ती शेजाऱ्यांना विचारायची. आबांना हे कळत होतं.

एका तपासणीला आबा हट्टानं बरोबर गेले. बाईंच्या समोरच तिला म्हणाले, "बाई सांगणार व्हत्या. म्याच नगं म्हणलो."

बाई म्हणाल्या, मी तुमचं ऐकायला नको होतं.

मनिषा म्हणाली, "तुमी दोघांनी मिळून ठरवलं. पाय माझा व्हता."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, आबा शेजारी. भिगवणला गाडी थांबली तेव्हा ते उतरून पाण्याची बाटली भरून घेऊन आले. तिनं घेतली, पाणी प्याली, बाटली परत दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.