चूक ट्रेनीच्या नावावर

"मशीनलासुद्धा कळतं, कोणाला आत घ्यायचं नाही ते."

टीम लीडर सर माझ्या खुर्चीमागे उभं राहून म्हणाले. माझ्या स्क्रीनवर लॉगिन नाकारल्याचा मेसेज होता. सगळी टीम हसली. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कर्वेनगरच्या कॉलेजातून इंटर्न म्हणून त्या ऑफिसात गेले. धायरीतल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील मंडईत हमाल. हे सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारून घेतलं होतं. कोट्यातून आलीस का, हेही.

आमचं काम मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरवरच्या बॅच जॉब्सचं. हे जॉब आपोआप, एकामागून एक चालतात. त्यातला एक एसएसएच या सुरक्षित जोडणीने दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन करून फाइल पाठवायचा. तिथे पासवर्ड टाकायला माणूस नसतो. किल्ली म्हणून एक फाइल ठेवलेली असते. त्या दिवशी तिथे लॉगिन नाकारलं गेलं आणि जॉब फेल झाला.

"बोला विदुषी, काय टाइप केलंत?" सरांनी टोमणा मारला.

"सर, जॉबमध्ये कुणी टाइप करत नाही."

"हे उलट बोलणं मंडईत चालतं. इथे लॉग वाचावा लागतो."

मान खाली घालून लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली नोंद, वाचत बसले. सकाळी सरांनी नवी किल्ली बसवली होती. स्वतःच्या आयडीखाली. हाताने चालवून पाहिलं, चाललं. पण जॉब वेगळ्याच आयडीने चालतो. त्याला ती किल्ली सापडतच नव्हती. मी सांगितलं.

सरांनी किल्ली योग्य जागी ठेवली. जॉब चालला. वाटलं, संपलं.

पण क्लायंटला कारणाचा मेल जातो. आमच्याकडे रीतच होती. चूक कुणाचीही असो, मेलमध्ये लिहायचं, ट्रेनीकडून झालं. नवीन पोरगी आहे म्हटलं की क्लायंट फार ताणत नाही. आधीही माझं नाव असं गेलं होतं. मी "सॉरी सर" म्हणाले होते.

"मेल तूच टाक. लिही, माझ्याकडून झालं."

"पण सर, माझ्याकडून नाही झालं."

"अगं, तुला काय फरक पडतो? ऑफरसाठी शिफारस माझी लागते, माहितीये ना?"

माहीत होतं. घरीही माहीत होतं. आई शेजारीपाजारी सांगत होती, पोरगी कंपनीत लागणार. चूक माझी नव्हती, तरी लाज मलाच वाटत होती. चूक त्यांनी करायची आणि मान आम्ही खाली घालायची, हे मला इतकं सवयीचं कधी झालं?

मी मेल लिहिला. किल्ली कुठल्या आयडीखाली बसली, जॉब कुठल्या आयडीने चालतो. एवढंच. कुणाचंही नाव नाही. पाठवून दिला.

बाकीच्या इंटर्नना ऑफर आली. मला नाही. कॉलेजातल्या प्लेसमेंटच्या मॅडम म्हणाल्या, "सरांना एक माफीचा मेल टाक गं. घेतील ते."

नाही टाकणार. आई आता शेजाऱ्यांना टाळते, ते मला दिसतं. तरी नाही. जे मी केलं नाही, त्याची माफी यापुढे माझ्या हातून लिहिली जाणार नाही.