उशीच्या उंचीची फळी

बडोद्यात, अकोट्याच्या नव्या घरात सुतार आलाय. ओल्या भुशाचा वास सुटलाय. “बेन, शेल्फ केटलुं ऊंचुं राखुं?” तो फळीची उंची विचारतो, आणि मला बाबांची खोली आठवते.

तब्येतीमुळे नंदेसरीच्या कारखान्यातली नोकरी सोडून बाबा घरी होते. त्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या खेळण्यातल्या आगगाडीसाठी पलंगासमोरच्या भिंतीला लांब फळी ठोकली. तिच्यावर रूळ, पुठ्ठ्याचं स्टेशन, ‘बडोदे’ लिहिलेली पिवळी पाटी.

“अहो, इतकी खाली? केर काढताना डोकं आपटेल माझं,” आई म्हणाली.

“चालशे. गाडी दिसली पाहिजे.”

मला वाटलं, माझ्या उंचीला ठोकलीय. मग बाबा पलंगावर आडवे झाले, कुशीवर वळले. “सोडा गाडी, मास्तर!” हिरवं इंजिन घरघरत त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. “बस, बरोबर.”

आई पदराने कोरे रूळ पुसत राहिली.

दिवाळीपर्यंत बाबांचं उठणं बंद झालं. शाळेतून आले की मी गाडी सोडायची. ते उशीवरून बघायचे.

सुतार भिंतीला पेन्सिल टेकवून थांबलाय. माझा हात आपोआप उशीच्या उंचीवर गेलाय.