गिरजाचा हिरवा खंड्या

सावलीजवळच्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून गिरजाचं घर. नवरा सोमाजी मासे धरायचा आणि गिरजा टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव विकायची. पुढं गुडघ्यांनी असहकार पुकारला नि तिचं फिरणं थांबलं. घरात बसून जीव उबगला, तेव्हा सून रीतानं तिच्या हाती सुईदोरा आणि भरतकामाची रिंग दिली. तेवढाच वेळ जाईल, असं रीताला वाटलं होतं. सासूला तर नादच लागला.

फुलं झाली, वेली झाल्या. मग त्यांत तिला गंमत वाटेना. तिनं खंड्या पक्षी भरायला घेतला. तपकिरी डोकं, पांढरी छाती, निळी पाठ. लांब-आखूड टाके एकमेकांत मिसळून पिसांवर चमक आणायची, हे काही खायचं काम नव्हतं. पंख जमला नाही की ती चिडून रिंग बाजूला ठेवायची, आणि चूल आवरली की पुन्हा तीच मांडीवर घ्यायची.

अशात तिला अंधुक दिसू लागलं. आधी सुई ओवता येईना, मग टाका कुठं पडतो तेही कळेना. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. शेजारच्या मंगलीनं कुणाचा तरी डोळा ऑपरेशनमध्ये गेल्याचं ऐकवलं होतं, म्हणून गिरजा वर्षभर टाळत राहिली. डोळा गेला तर सुईही गेली, हीच तिची धास्ती. गिरजा हाती देईल तो दोरा रीता सुईत ओवून देत होती, सासू अंदाजानं भरत होती. शेवटी सुई बोटातच शिरू लागली, तेव्हा ती एका डोळ्यापुरती चंद्रपूरला जायला तयार झाली. ऑपरेशनला आत नेताना तिनं रीताचं बोट इतकं घट्ट धरलं होतं, की नर्सला ते सोडवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोरच्या भिंतीवरची पाल तिला शेपटीसकट दिसली. गिरजाला रडू आवरेना. नर्स डोळा चोळू नका म्हणून ओरडली, तरी तिचं हसणं नि रडणं एकदमच चालू होतं.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर तिनं पहिल्यांदा रिंग काढली आणि बघतच राहिली. खंड्याची पाठ पोपटासारखी हिरवी. पांढरी म्हणून भरलेली छाती हळदीसारखी पिवळी. तिनं सोमाजीला हाक मारली.

"तुमाले दिसत होतं ना हे? मंग सांगतलं काऊन नाई?"

सोमाजी जाळं सोडवता सोडवता थांबला. म्हणाला, "तू इतकी रमून भरत होती. रंग चुकला म्हणलं असतं, तर तुले वाटलं असतं का डोळे गेले. मले ते नाई सांगता आलं."

गिरजाला राग यायला हवा होता, पण आला नाही. या माणसाला आपल्याइतकीच भीती वाटत होती, हे तिला आत्ता कळलं, आणि छातीवरचं कसलंसं ओझं उतरल्यासारखं झालं.

रीता म्हणाली, राहू द्या आई, असाही छान दिसतो. सासूनं ऐकलं नाही. कात्रीचं टोक घालून ती एकेक हिरवा टाका उसवू लागली. सुई तिनं स्वतः ओवली, पहिल्याच खेपेला. नव्या निळ्या दोऱ्याचा पहिला टाका पडला, तसं मान वर न करताच तिनं सुनेला विचारलं,

"दुसऱ्या डोळ्याची तारीख कवा भेटते व?"