काटा हलेना

आमच्या बाबांचं खरं नाव गावात फार थोड्यांना माहीत असेल. सगळ्यांना ते ‘लाइटवाले’ म्हणूनच ठाऊक. मी शाळेत लाइटवाल्यांची मुलगी होते, लग्नानंतरही लाइटवाल्यांची मुलगीच राहिले, आणि माझा नवरा, चांगला शिकलासवरलेला माणूस, तोही बिचारा लाइटवाल्यांचा जावई झाला. लाइट गेली की लोक आमच्या नावानं बोटं मोडायचे, आणि आली की आमची आठवण कुणाला व्हायची नाही. आई म्हणायची, आपलं काम मिठासारखं आहे, नसलं की कळतं.

गावाच्या वरच्या अंगाला नदीवर बंधारा आहे. त्याचं पाणी जाड लोखंडी नळातून उतारावर येतं आणि दगडी इमारतीतला जनरेटर फिरवतं. त्या पॉवरहाउसमध्ये बाबा ऑपरेटर होते. आत एक भिंतभर पॅनल, त्यावर तबकड्या, आणि मधल्या मोठ्या तबकडीचा काटा गावाला त्या घटकेला किती वीज लागतेय ते सांगायचा. गावानं जास्त ओढली की काटा चढायचा, मग पाणी वाढवायचं. कमी झाली की उतरायचा, मग पाणी आवरतं घ्यायचं. काम म्हटलं तर एवढंच, पण बाबांचा जन्म त्या काट्यासमोर गेला.

त्यांना काट्यावरून गाव दिसायचं. पहाटे अंघोळीचं पाणी तापायला लागलं की तो हळूहळू उठायचा. पिठाची गिरणी सुरू झाली की एकदम उडी मारायचा. सुताराची करवत लाकडात अडकली की थरथरायचा. दुपारी सुस्तावायचा. टीव्हीवर सामना असला तर रात्री खाली यायचं नावच घ्यायचा नाही. कुणाच्या घरी मयत झाली की त्या गल्लीतले दिवे रात्रभर जळतात, तेसुद्धा काट्यावर कळतं असं बाबा सांगायचे. खरं-खोटं तो काटा जाणे. पण घरी येऊन ते आईला गावाची खबर अशी द्यायचे की जणू घराघरात डोकावून आलेत. आई पॉवरहाउसला ‘माझी सवत’ म्हणायची. बाबा दारात चप्पल काढत असतानाच विचारायची, “काय, बरी आहे ना ती?”

मग मोठी लाइन आली. कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात तयार झालेली वीज डोंगर ओलांडून गावात आली, स्वस्तही पडली, आणि एवढंसं पॉवरहाउस कुणाला परवडेना. कुलूप लागलं. बाबा घरी बसले. त्याच्या पुढच्याच वर्षी आई गेली. आजारी अशी पडलीच नाही, बसल्या जागी गेली.

मी दोन गल्ल्या सोडून राहते. रोज डबा घेऊन जायचे, तर बाबा घरात नसायचे. वर जाऊन पॉवरहाउसच्या खिडकीचे गज धरून उभे. आत काळोख, पॅनलवर धूळ. मी चिडायचे. म्हणायचे, तिथं काय ठेवलंय आता? आता वाटतं, चिडायला नको होतं. त्यांना आई हवी होती. ती मिळण्यातली नव्हती, म्हणून ते जे मिळण्यासारखं होतं त्याच्या दारात जाऊन उभे राहत.

आणि एक दिवस खरंच बोलावणं आलं. एका कंपनीनं पॉवरहाउस भाड्यानं घेतलं होतं, आणि ते जुनं धूड चालवायची अक्कल बाबांशिवाय कुणाला नव्हती. बाबांनी दाढी केली, खाकी शर्टाला इस्त्री केली आणि बाजारातून मुद्दाम लांबच्या वाटेनं गेले. भेटेल त्याला सांगत होते, गाव परत आपल्या पाण्यावर उजळणार. मीही सासरी सांगून मोकळी झाले. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, दुसरं काय.

कारण वीज गावाला द्यायचीच नव्हती. पॉवरहाउसच्या भिंतीतून नवी जाड केबल निघाली आणि शेजारी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली. शेडमध्ये फडताळांवर बुटांच्या खोक्याएवढ्या पेट्या, शेकड्यांनी. प्रत्येक पेटीला पंखे. ते सगळे मिळून असा आवाज काढायचे की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. मॅनेजर म्हणून आलेला मुलगा दिवसभर कानांवर जाड झाकणं लावून फिरायचा. बाबांनी त्याचं नाव ‘कानटोपी’ ठेवलं. तोंडावर अर्थात साहेब म्हणत.

या पेट्या करतात काय, हे बाबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. कानटोपी मुलगा भला होता, त्यानं नीट समजावलं. एक नाणं असतं, ते हातात येत नाही, दिसत नाही, फक्त कॉम्प्युटरवर असतं. जगभरच्या अशा पेट्या दिवसरात्र आकडे लावून बघतात. ज्याचा आकडा बरोबर लागला त्याला नाणी मिळतात. बाकीच्यांची मेहनत वाया, पुन्हा नवा आकडा. जितक्या जास्त पेट्या, जितकी जास्त वीज, तितकी आकडा लागायची आशा जास्त.

बाबा घरी येऊन बराच वेळ हसत होते. म्हणाले, “जन्मभर तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांच्या मागे धावलो. आता पगार घेऊन आकडे लावणाऱ्यांना वीज पुरवतोय.”

पण ते हसणं फार दिवस टिकलं नाही. मी डबा द्यायला वर गेले, तर बाबा स्टुलावर चढून तबकडीच्या काचेवर नखानं टकटक करत होते. काटा अडकलाय म्हणाले. त्यांनी तबकडी उतरवून साफ केली. तरी काटा हलेना. मग कंपनीच्या मागे लागून नवी तबकडी मागवली. ती आली, बसवली, आणि तिचा काटाही जाऊन त्याच जागी उभा राहिला. पहाटे तिथं, दुपारी तिथं, रात्रीही तिथंच. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काटा बिघडलेलाच नाही. पेट्यांना झोप नाही, भूक नाही, अंघोळ नाही, सामना बघायचा नाही. सगळ्या गावाला पुरायची तेवढी वीज त्या एकसारखी ओढतात, आणि तिचा गरम वारा करून मागच्या भिंतीतून बाहेर सोडतात. त्या भिंतीलगत गवतसुद्धा उगवत नाही. खायला काळ नि भुईला भार, असं मी म्हणाले. बाबा म्हणाले, तसं नको बोलू, पगार देतात.

त्यानंतर त्यांनी गावाच्या गोष्टी सांगणं सोडलं. सांगायला होतंच काय? पॉवरहाउसच्या खिडकीतून खाली गाव दिसायचं, संध्याकाळी दिवे लागायचे, पण ते दुसऱ्याच कुणाच्या विजेवर. बाबा खिडकीकडे बघायचे आणि मग काट्याकडे बघायचे, आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं नसायचं. मी नोकरी सोडा म्हणून खूप सांगितलं. ते म्हणायचे, सोडेन, पण एकदा गाव माझ्या काट्यावर बघायचंय, एकदाच. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून मी सोडून द्यायचे.

मग ते वादळ झालं. डोंगरापलीकडे मोठ्या लाइनचे मनोरे आडवे झाले आणि गाव अंधारात बुडालं. पहिला दिवस लोकांनी गमतीत काढला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाक्या रिकाम्या झाल्या, बऱ्याच जणांचे फोन बंद पडले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाई फ्रिजमधली औषधं कुठं ठेवू म्हणून दारोदार विचारत होत्या. आणि वर डोंगरावर पत्र्याची शेड लखलखत होती, तिचा घोंघाट खालपर्यंत ऐकू येत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही डोळ्यांनी बघत होतो. लोक बाबांना टोचून बोलायला लागले. लाइटवाले आता शेठजींचे झाले, असं एक जण माझ्यासमोर म्हणाला. मी त्याला दिलं उत्तर, पण मनाला लागलं.

त्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा बाबा कानटोपीसमोर उभे होते. गावाची जुनी लाइन अजून खांबांवर आहे, मोठ्या लाइनपासून गाव तोडून घेतलं तर ते आपल्यावर घेता येईल, खालचा वायरमन तयार आहे, असं सगळं त्यांनी सांगून झालं होतं. मुलानं मालकाला फोन लावून झाला होता, आणि मालकानं नाही म्हणून झालं होतं. पेट्या थांबल्या की नाणी दुसऱ्याला जातात, एवढंच म्हणे त्यांचं म्हणणं.

बाबांनी मुलाला कानावरची झाकणं काढायची खूण केली आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या पेट्यांना अंधारात भीती वाटत नाही. खाली माणसं आहेत. एक संध्याकाळ द्या.”

त्या मुलाची बायको तान्ह्या बाळाला घेऊन खालीच भाड्याच्या खोलीत होती, तीही मेणबत्तीवर. तो फोन घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा मालक काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तो शेडमध्ये गेला आणि एकेक रांग बंद करत सुटला. शेवटचे पंखे थांबले, तेव्हा कितीतरी दिवसांनी मला नळातल्या पाण्याचा आवाज ऐकू आला.

बाबांनी वायरमनला फोन केला. फक्त दिवे आणि पंखे लावा, हीटर लावू नका, असं त्यानं गल्लोगल्ली सांगितलं होतं. ऐकतंय कोण. लाइट गेली तेव्हा चालू असलेली सगळी बटणं तशीच होती. बाबांनी हँडल वर ओढलं, काटा वेड्यासारखा धावला आणि सगळं धाडकन बंद पडलं. कानटोपीचा चेहरा पडला. बाबा मात्र हसायला लागले. आपलेच लोक, म्हणाले. मग त्यांनी अर्धंच गाव जोडलं, काटा शांत होऊ दिला, आणि नंतर उरलेलं जोडलं. खिडकीतून गावाचा एकेक तुकडा उजळताना दिसला. खालून ओरडण्याचा आवाज वर आला. माझ्या अंगावर काटा आला, आणि बाबांनी समोरच्या काट्यावरून नजर काढली नाही.

तो हलत होता. सारखा, थोडा वर, थोडा खाली. बाबा स्टूल पुढं ओढून बसले आणि बोलायला लागले. हे लोक टाक्या भरायला लागले बघ. ही गिरणी, एवढ्या उशिरा, तीन दिवसांचं पीठ राहिलंय ना. आता जेवणं चालली असतील. कानटोपी त्यांच्या मागं उभा राहून ऐकत होता. मी डबा उघडून त्यांच्या हातात दिला. खाताना त्यांनी भाजीकडे बघितलं असेल असं मला वाटत नाही. इतके खूश बाबा मी आई गेल्यापासून बघितले नव्हते.

जेवणं उरकायच्या सुमाराला वायरमनचा फोन आला. मोठी लाइन दुरुस्त झाली होती. गाव परत तिकडं जोडायला तो तयार होता, बाबांनी फक्त आपल्याकडून सोडायचं होतं. कानटोपीनं शेडकडे बघितलं. बाबा फोनवर म्हणाले, “थोडं थांब रे.” आणि काट्याकडे बघत बसून राहिले. दिवे विझत होते तसा तो उतरत होता.

मी म्हटलं, “बाबा, तो थांबलाय तिकडं.”

“तुझी आई,” ते म्हणाले, “माझी संध्याकाळची पाळी असली की सगळं आवरून झाल्यावर विजेची शेगडी उगाच लावायची. वर काही न ठेवता. थोडा वेळ लावायची नि बंद करायची. मी घरी आलो की विचारायची, दिसलं? मी म्हणायचो, दिसलं.”

हे मला कधीच माहीत नव्हतं. मी विचारलं, “खरंच दिसायचं?”

“छे. एवढ्याशा शेगडीनं काटा कुठं हलतोय? सगळ्या गावात कुठं दिसणार ते.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “पण ती लावायची त्या वेळी मी बघत असायचो. ह्याच वेळी.”

आम्ही तिघं बघत राहिलो. काटा जवळजवळ स्थिर झाला होता, अगदी बारीक हलत होता. तो कशानं हलत होता कोण जाणे, खाली एवढी घरं होती. बाबांचं घर बंद होतं, त्याची किल्ली माझ्या कमरेला होती. मग बाबांनी फोन उचलला, “घे,” म्हणाले, आणि हँडल खाली ओढलं. काटा शून्यावर जाऊन पडला. खिडकीबाहेर सगळं गाव एकदा विझलं आणि लगेच पुन्हा लागलं. कुणी जागं असेल त्याला डोळा लवल्यासारखं वाटलं असेल.

कानटोपी शेडमध्ये गेला. एकेक रांग सुरू झाली, घोंघाट वाढत गेला, काटा वर चढला आणि आपल्या जागी उभा राहिला. मी बाबांना घरी चला म्हणून खूण केली. त्यांनी तू हो पुढं अशी खूण केली आणि ते तिथंच बसून राहिले.