इंजिनाचा गव्हर्नर आणि बंडूजीची गोळी

सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंगमधलं वाफेचं इंजिन प्रेमदासच्या हाती होतं. स्वतः तो इतका सडपातळ, की वाऱ्यानं उडू नये म्हणून खिशात लोखंडी पाना ठेवतो, असं आम्ही म्हणायचो. तोही हसायचा. मग पाना काढून दाखवायचा.

पाहुणा कोणीही येवो, प्रेमदास त्याला आधी इंजिनापाशी नेई. दांड्यावर गरगरणारे दोन लोखंडी गोळे दाखवी. "हा गव्हर्नर. खरा मालक हा. इंजिन जोरात पळालं की गोळे वर जातात न् वाफ कमी होते. मंदावलं की गोळे खाली, वाफ जास्त. याले कोणी सांगा लागत नाई." पहिल्यांदा सासरी आलेल्या एका जावयाला त्यानं सासरा भेटायच्या आधी हे दाखवलं होतं.

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यापासून प्रेमदासनं आणखी एक गोष्ट सुरू केली. चैत्रात हंगाम संपला की बॉयलर थंड करायच्या दिवशी बाकीचे मजूर इंजिनापुढे नारळ फोडत. हा म्हणाला, "मी फोडत नाई, मी सोडतो." पहिल्या वर्षी त्यानं बिडी सोडली. शेवटचं बंडल भट्टीच्या राखेत टाकलं आणि ती पुन्हा ओढली नाही. लोकांनी आधी चेष्टा केली, मग नक्कल केली. कोणी तंबाखू सोडली, कोणी पत्ते. एकानं सासुरवाडीला जाणं सोडलं, पण ते बायकोनं चालू दिलं नाही.

बिडी सुटली, दमा सुटेना. कापसाची बारीक रुई छातीत बसायची. दिवाळीनंतर प्रेमदास दोन शब्द बोलला की तिसऱ्याला शिट्टी वाजायची. त्याला बंडूजी भेटला. बंडूजी आधी नागपुरात एका दवाखान्यात कंपाउंडर होता. तिथून का निघाला ते तो सांगत नसे. आता सिंदीच्या बाजारात खुर्ची टाकून डॉक्टर झाला होता. त्यानं पांढऱ्या गोळ्या दिल्या. "नवी निघाली. सकाळ-संध्याकाळ घेत जाजो."

आठवड्यात शिट्टी बंद. भूक अशी लागली, की धुरपताबाई, म्हणजे त्याची बायको, भाकरी थापता थापता थकली. संक्रांतीपर्यंत प्रेमदासचं तोंड पुनवेच्या चंद्रासारखं गोल झालं. आम्ही म्हणालो, आता पाना ठेवायची गरज नाही. सगळी सिंदी खूश होती.

धुरपताबाई सोडून.

"तोंड भरून राह्यलं न् हात वाळून राह्यले," ती म्हणाली. "पोटावर जांभळे पट्टे काऊन उठले? पाइपाचा चटका लागलता, तो अजून सुकला नाई."

"तुले मी वाळलो तरी दुःख, जाडा झालो तरी दुःख."

"माणूस साऱ्या अंगानं जाडा होते जी. तुमी वरतूनच झाले."

चैत्र आला. बॉयलर थंड झाला, हवेतली रुई बसली. प्रेमदासनं सगळ्यांसमोर गोळ्यांची पुडी राखेत टाकली. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत बोऱ्या उचलणारा जंगलूही होता, हिंगणीकडच्या जंगलातला गडी.

काही दिवसांतच प्रेमदासला खाटेवरून उठणं जड जाऊ लागलं. लोक म्हणाले, ऊन लागलं. केळझरच्या लग्नात त्याला उलट्या सुरू झाल्या, आणि मांडवात बसल्या बसल्या तो कलंडला. हात थंडगार, ओठ राखेसारखे. धुरपतानं नवरदेवाचीच बैलबंडी जुंपून घेतली आणि त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी नाडी धरली, ती सापडेना. "काही औषध घेत होता का?"

"घेत नाई जी. सोडलं."

"काय सोडलं?"

"पांढरी गोळी. तिच्यानंच तोंड गोल झालतं."

डॉक्टर आत धावले आणि सुई घेऊन आले. रात्रभर बाटली लावली होती. धुरपता त्याच्या तळपायांना हात लावून बसली होती, गरम होतात का बघत.

तो जगला. मग डॉक्टरांनी समजावलं. मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांचा रस आजारपणात माणसाला उभं ठेवतो. रस पुरेसा झाला की मेंदूकडून येणारा हुकूम थांबतो, कमी पडला की पुन्हा सुटतो. गोळीत तोच रस होता. हुकूम थांबला, ग्रंथी झोपल्या. पेशीच्या आत काय घडतं ते शास्त्रज्ञांनी पुढे शोधलं: तो रस आत जाऊन कोणत्या जनुकानं काम करायचं आणि कोणत्या जनुकानं गप्प बसायचं ते ठरवतो, आणि रस बनवायचा हुकूम देणाऱ्या जनुकालाच गप्प करतो.

प्रेमदास छताकडे बघत म्हणाला, "म्हंजे दुसऱ्या इंजिनाचा पट्टा माह्या दांड्याले जोडला. गव्हर्नरले वाटलं, चाल तं बरी आहे. त्यानं माही वाफ बंद केली. न् मी पट्टाच कापला."

"असंच. आता पट्टा हळूहळू सैल करायचा. थोडी थोडी कमी करत जा."

"गव्हर्नर जागा होईन ना?"

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या खाटेकडे गेले.

पुढच्या हंगामात प्रेमदास पुन्हा इंजिनापाशी उभा राहिला. खिशात पाना आणि कागदात गुंडाळलेली अर्धी गोळी. बंडूजीनं खुर्चीच्या जागी दुकान थाटलं होतं, बाहेर बाक टाकला होता. पोळ्याला जे गाल बसलेले होते, ते माघात गोल होऊ लागले. रुई वेचणाऱ्या बाया गोल, तोलाईवाला गोल, बोऱ्या उचलणारा जंगलूही गोल. लोक म्हणाले, औंदा पीक चांगलं आहे. प्रेमदास बघायचा. बोलला तर म्हणत, "तुले फायदा झाला, आमाले नको म्हणतं?"

बॉयलर थंड करायच्या दिवशी तो सकाळपासून फाटकात उभा राहिला. "गोळी एकदम सोडू नका. सोडाचीच तं वर्ध्याले जाऊन इचारा." लोक हसत आत गेले. नारळ फुटले. इंजिनाचे दोन गोळे हळूहळू खाली आले आणि थांबले.

संध्याकाळी मजुरांनी प्रेमदासला जंगलूचा निरोप दिला. तो घाईत होता, मागच्या दारानं गाडीरस्त्याला लागून हिंगणीकडे निघून गेला होता.

"काय म्हणे?"

"म्हणे, भाऊले सांगजा, यंदा मीबी सोडलं. तुमची पद्धत चांगली आहे. पुडी राखेत टाकली त्यानं."

प्रेमदासनं राखेत हात घातला. पुडी सापडली, चांगली भरलेली. ती खिशात घालून तो रस्त्याला लागला. वळणापर्यंत आम्हाला त्याच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. पुढे जंगल होतं, आणि जंगलू त्याच्यापेक्षा भराभर चालणारा.