ओझेलनं मोडलेलं वचन

ओझेल प्रूइटनं आईला एकच वचन दिलं होतं: कापसाला हात लावणार नाही. आईनं मिसिसिपीतल्या गोऱ्यांच्या मळ्यांवर हाडाची काडं करून लेकीला कॉलेजात धाडलं ते त्याचसाठी. तिथं ओझेल काळ्या मुलींच्या भगिनीमंडळात गेली. चार मुलींनी वसतिगृहाच्या खोलीत उभं केलेलं मंडळ. आपण शिकलो तर आपल्या माणसांच्या दारी जायचं, ही त्याची शपथ. ओझेल पुढं मास्तरीण झाली, पण शपथ काही सुटली नाही.

१९३६च्या सप्टेंबरात घटसर्पानं एका मळ्यावर चार पोरं नेली. ओझेल, नर्स डोशा आणि मंडळातल्या आणखी सहाजणी दोन मोटारींतून लस घेऊन निघाल्या. लसीच्या पेटीत बर्फ होता आणि ऊन मी म्हणत होतं.

वाटेवर मळ्याचा गोरा मुकादम घोडा आडवा घालून उभा. मांडीवर बंदूक.

"वेचणी चाललीय, पोरी. एकही बाई ओळ सोडणार नाही."

चौतीस वर्षांची मास्तरीण 'पोरी' गिळून बसली. "साहेब, आयांनी धरल्याशिवाय लेकरं सुई टोचू देत नाहीत."

"मग अंधार पडल्यावर या."

डोशानं पेटीत डोकावून पाहिलं. "बर्फ दोन तास टिकला तर नशीब. मग लस वाया," ती पुटपुटली.

ओझेल मुकादमाकडं वळली. "काम थांबलं नाही तर चालेल ना, साहेब?"

"अन् वेचणार कोण? हे मोजेवाले हात?" तो हसला. "बरं, वेचा. एक बोंड मागं राहिलं तर पेटी लाथेनं उडवीन."

ओझेलनं पांढरे हातमोजे काढले आणि जवळच्या बाईच्या खांद्यावरची झोळी ओढली.

"बाई, तुमचे कपडे..."

"धुता येतात. लेकराला घेऊन जा आधी."

डोशा सुया टोचत राहिली, बाकीच्या सातजणी ओळींत वाकल्या. पदव्या सगळ्यांकडे होत्या. बोंडाच्या काट्यांना त्याचं काय. मुकादम घोड्यावरून मागं मागं, एकेक झुडूप तपासत. ओझेलची बोटं रक्ताळली, पण मान वर करायची तिला भीती वाटत होती. बर्फाचा शेवटचा खडा विरघळला तेव्हा डोशानं शेवटच्या पोराला टोचलं.

संध्याकाळी घरी आईनं लेकीचे हात पाहिले आणि तिचा चेहरा दगड झाला.

"कापसाला हात लावलास."

"हो, आई."

"किती पोरं?"

"त्रेसष्ट."

आईनं चरबीची बरणी उघडली आणि एकेका बोटाला चोळू लागली.

"ओळी पुऱ्या केल्यास?"

"केल्या."

"मग ठीक. अर्धी ओळ टाकून येणारी लेक मी नव्हती वाढवली."