मी न केलेला फोन

हे मी आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसणार नाही. दुसरं कारण नाही.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सिंगापूरला, आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी निर्यातीची कागदपत्रं बघते. कुठला माल कुठे जाईल, कुणाची परवानगी लागेल, ती कशी मागायची — दिवसभर हेच. घरीही हेच. आमचे इथे राहायचे पास, आमच्या मुलीची, ईशाची शाळा, सेम्बावांगचा फ्लॅट — सरकारशी बोलायचं ते मी. शेखरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लग्नानंतर एकदाच एक फॉर्म भरला आणि बायकोच्या रकान्यात स्वतःच्या आईचं नाव लिहिलं. तेव्हापासून ते खातं माझ्याकडे.

शेखर एका बँकेत सॉफ्टवेअरचं बघतो. एका हिवाळ्यात कामासाठी त्याला कॅनडात, विनिपेगला पाठवलं. रविवारी करायला काही नाही आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी, म्हणून तो उबेसाठी एका म्युझियममध्ये जाऊन बसायचा. तिथे काचेमागे एक ठासणीची बंदूक होती. जुन्या काळी इंग्लंडात करून जहाजाने तिकडे नेलेली, तिथल्या मूळ रहिवाशांना द्यायची आणि बदल्यात बीव्हरची कातडी घ्यायची, त्यासाठी. तिच्या चापाभोवतीची कडी नेहमीपेक्षा बरीच मोठी होती. का मोठी, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही, कारण त्याच्याही हातात जाड हातमोजा होता. काचेबाहेर उभं राहून त्याने बोट वाकवून पाहिलं. त्याने हे मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, जेवलास का.

परत आला तो ती बंदूक डोक्यात घेऊन. दोन-तीन वर्षं — ही २०१४ च्या आसपासची गोष्ट — त्याचा प्रत्येक रविवार तिच्यात गेला. त्याला तशीच एक करायची होती. उडणारी नाही, नळी भरीव, आतून भोकच नाही. पण बाकी सगळं खरं. त्यासाठी जुनी चित्रं, जुन्या मोजमापांचे फोटो, कॅनडातल्या एका निवृत्त शिक्षकाशी लांबलचक ईमेल. दस्त्यासाठी अक्रोडाची फळी मिळवली. बंदुकीच्या बाजूला पितळेचा एक नाग असायचा, खवले असलेला, शेपटीला वेटोळं. तो नाग नसेल तर घेणारे बंदूक हातात धरत नसत, म्हणे. खरेपणाची खूण. शेखरने तो नाग कानशीने घासून घासून केला. ईशा येता-जाता म्हणायची, "बाबा, धिस इज सिंगापूर, कॅनॉट लाह." तो म्हणायचा, "नाग कॅन. बंदुकीचं आई विचारेल."

आणि एका संध्याकाळी त्याने सांगितलंच. शिक्षक चापाचे सुटे भाग पाठवायला तयार होते. शेखर म्हणाला, "आधी पोलिसांना विचारू. नियमात बसत असेल तरच करायचं. तू विचारशील?"

मी हो म्हटलं.

मी विचारलं नाही. फोन केला नाही, ईमेल केली नाही, साधं वेबसाइटवर काय लिहिलंय तेही उघडून पाहिलं नाही. तीन-चार दिवस जाऊ दिले — लगेच सांगितलं तर खोटं वाटेल म्हणून — आणि जेवताना सांगितलं, नाही म्हणाले. नळी भरीव असली तरी नाही.

एवढ्यावर थांबले असते तर? पण मला कागदपत्रांची सवय. तपशील जुळल्याशिवाय मी काही पुढे पाठवत नाही. मी म्हटलं, फोनवर एक बाई होती. सभ्य होती. आधी तिला कळलंच नाही, मग म्हणाली, सॉरी मॅडम.

शेखर हसला. "बिचारी. म्हणाली असेल, कुठल्या वेड्याची बायको आहे ही."

जेवण झाल्यावर त्याने शिक्षकांना लिहून कळवलं. मी भांडी आवरत होते. कीबोर्डचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता.

आता तुम्ही विचाराल, का? याचं एक तयार उत्तर माझ्याकडे आहे आणि मी ते कित्येक वर्षं स्वतःला दिलं. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा अर्ज तेव्हा दुसऱ्यांदा गेला होता. पहिल्यांदा नकार आला होता, कारण न देता. इथे पासवर राहणारा कुणीही तुम्हाला सांगेल — अर्ज आत असताना माणूस शेजाऱ्याशीसुद्धा हळू आवाजात भांडतो. त्यात आपण होऊन पोलिसांना फोन करायचा आणि बंदूक हा शब्द उच्चारायचा? ईशाचं शिक्षण अर्ध्यावर असताना? हे उत्तर खोटं नाही. पण त्याला तसं सांगता आलं असतं ना? म्हटलं असतं, थांब, मला भीती वाटते, कागद हातात येऊ दे. तो थांबला असता. तो वाट बघणारा माणूस आहे. मी त्याला तेवढंसुद्धा दिलं नाही.

मग बेडोकला मिलिंदकडे जेवायला गेलो. मिलिंद बँकेतला, जुना मित्र, बोलघेवडा. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला, मी मसालेभात. शेखर कुणालातरी सांगत होता की बंदूक उभी धरायची आणि तिच्या उंचीएवढी कातडी रचली की सौदा झाला, ही प्रसिद्ध गोष्ट बहुतेक बनावट आहे, कुठल्या हिशेबात ती सापडत नाही. "पण लोक तपासत नाहीत ना. ऐकतात आणि पुढे सांगतात."

मिलिंद म्हणाला, "सरदार, तुमची तोफ कुठवर आली?"

"बंद. परवानगी नाही."

"कोण म्हणालं? अरे, माझ्या आजोबांची तलवार आणली ना मी. अर्ज करावा लागतो, वेळ लागतो, पण सरसकट नाही असं नसतं. परत विचार."

मी मसालेभात वाढत होते. डाव हातात तसाच राहिला. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. हो, परत विचारते — इतकंच म्हणायचं होतं. कुणाला काही कळलं नसतं.

शेखर म्हणाला, "तलवारीचं वेगळं असेल. हिने विचारलंय. ही एकदा विचारते म्हणजे नीट विचारते."

मिलिंद हात जोडून म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. वहिनींच्या पुढे पोलीस काय." सगळे हसले. मीही हसले. आणि वाढत राहिले.

पुढच्या वर्षी पीआर मिळालं. आता भीती कसली होती? काही नाही. तेव्हा मी फोन केला का? नाही. तिथे माझं तयार उत्तर संपतं.

खरं हे आहे — लिहायला वेळ लागतो आहे — मला ती बंदूक नको होती. पोलिसांसाठी नाही, ईशासाठी नाही. रविवारी तो खिडकीशी वाकून त्या पितळेवर कानस फिरवायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी कधी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मी त्याच खोलीत असायचे. त्या घरातली प्रत्येक गोष्ट माझ्या हातून जायची, आणि ही एक गोष्ट माझ्याशिवाय चालली होती. फक्त एका ठिकाणी तिला माझी गरज पडली, आणि तिथे मी ती मोडली.

परवानगी मिळालीच असती, असं मी म्हणत नाही. कदाचित खरंच नकार आला असता. मला ते आजही माहीत नाही, कारण मी आजही विचारलेलं नाही.

नाग आता दाराच्या आत, किल्ल्या टांगायच्या फळीवर बसवलेला आहे. नवीन माणूस आलं की त्याबद्दल विचारतं. शेखर सगळं सांगतो, हातमोजा, कातडी, वेटोळं, आणि शेवटी म्हणतो, परवानगी नव्हती, हिने विचारलं होतं. मी तेव्हा बहुधा गॅसपाशी असते. चहा किती जणांचा ते विचारते.

दस्त्याची फळी अर्धी आकाराला आली होती. ती बरेच महिने कपाटामागे उभी होती. मग एका रविवारी त्याने ती कापली आणि मला त्यातून एक लाटणं करून दिलं. तू माझ्यासाठी एवढी खटपट केलीस, म्हणाला.

लाटणं चांगलं आहे. वजनाला भारी, गोलाई अगदी नेमकी. पोळ्या सगळीकडे सारख्या होतात. मी ते रोज वापरते.